शिळं पाणी

वैशाखाचं ऊन त्या नगरीवर उभं राहिलं होतं आणि हलायचं नाव घेत नव्हतं. निळेपण आटून गेलेलं आकाश, धूलिधूसर कडुलिंब, तापलेले पत्रे, तापलेल्या गच्च्या. आणि गच्चीगच्चीवर आ वासून बसलेल्या रिकाम्या काळ्या टाक्या. वारा सुटायचा तो धूळ घेऊन, आणि पडायचा तो धूळ ठेवून.

पूर्वेला बालाघाटाची रांग करपलेल्या भाकरीच्या कडेसारखी काळवंडली होती. तिच्यापलीकडे धरण होतं. होतं म्हणायचं इतकंच. त्याच्या तळाला भेगा पडल्या होत्या, बुडालेलं जुनं देऊळ कळसापासून पायरीपर्यंत उघडं पडलं होतं, आणि गावातले हौशी लोक रविवारी सहकुटुंब जाऊन तिथे नारळ फोडून येत होते. त्या उन्हाळ्यात धरणात पडलेलं पाणी तेवढंच, नारळाचं.

तृषार्त नगरी, तृषार्त पाखरं, तृषार्त माणसं. पाणी हाच देव, पाणी हेच भांडण. नळ कधी सुटेल हे नळालाच ठाऊक. नगरपालिकेची भोंग्याची गाडी रोज नवा वायदा वाटत फिरायची, आणि लोक तिला शिव्या देता देता तिचीच वाट पाहायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे सगळ्यांना कळत होतं. पण नुसतं कळून घसा ओला होत नाही.

डाळमिलच्या मागच्या गल्लीत वीरभद्रअप्पा आणि त्यांची बायको महानंदा राहत. अप्पांनी उभी हयात मिलच्या चक्क्यांपाशी काढली. चक्क्यांनी त्यांना पोटाला दिलं आणि बदल्यात कान घेतले. आता घराचे चालते कान महानंदाचे. दारावरची थाप, दूधवाल्याची हाळी, पाणी यायच्या आधीचा नळाचा सुसकारा, सगळं ती ऐकायची आणि हाताच्या खुणेनं अप्पांना द्यायची. मूलबाळ नव्हतं. होता तो तांबू.

तांबू म्हणजे मिलच्या आवारात तुरीच्या पोत्यांआड सापडलेलं तांबूस पिल्लू. ते वाढलं, दांडगं झालं, गल्लीचं राखणदार झालं, आणि आता म्हातारं झालं होतं. घासल्या घंगाळासारखी चकाकणारी ती काया विरळ, राखट झाली होती. कातडी बरगड्यांवर सैल पडली होती. डोळ्यांत धुकं उतरलं होतं.

मूत्रपिंडं थकली आहेत, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषधानं फार काही व्हायचं नाही, पण मागेल तेवढं पाणी द्या. पाणी तोडलंत तर तो गेलाच म्हणून समजा. डॉक्टर भला माणूस होता. पण त्यानं हे अशा शहरात सांगितलं, जिथे लेकुरवाळ्या बायका घागरीपायी एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

तांबू प्यायचा. पीत राहायचा. प्यालेलं अंगाला लागत नव्हतं. घटकाभरात पाण्यासारखं पाणी बाहेर, की पुन्हा त्याच्या जिभेला कोरड. तहान हीच त्याची व्याधी, तहान हीच शहराची. आणि दोन्ही तहानांच्या मधे ही दोन वाळकी माणसं, तांब्या तांब्या राखत बसलेली. अंघोळ ओल्या फडक्यावर आली होती. शेजारच्या सुभद्राबाईंनी एकदा ऐकवलंच, की माणसं इथे तडफडतायत आणि कुत्र्यासाठी पाणपोई घातलीय. अप्पांना ते ऐकू आलं नाही. महानंदाला आलं. एवढी एकच गोष्ट तिनं खुणेनं अप्पांना दिली नाही.

त्या दुपारी घरात एक बादली आणि एक कळशी, इतकंच पाणी उरलं होतं. त्यावर पांढरं फडकं होतं, आणि त्या फडक्यावर दोघांची नजर होती.

महानंदाच्या सासरची एक रीत होती. ताजं पाणी येताना शिळं पाणी घरात ठेवायचं नाही. नळ सुसला की साठवण मोरीत ओतायची, भांडं चिंच लावून लख्ख करायचं, आणि पहिल्या धारेची घागर देवापुढे ठेवायची. पूजेला शिळं चालत नाही, हे तिला सासूनं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. सून होऊन आली त्या दिवसापासून ती हेच करत आली. या उन्हाळ्यात मात्र तिनं रीत मोडली होती. चाचरत, शरमत, रोज देवाची क्षमा मागत मोडली होती.

आणि नेमक्या त्या दुपारी नळ सुसला.

आधी भिंतीच्या पोटात गुरगुर, मग तोटीतून लांब, ओला वाटावा असा सुसकारा. महानंदाचं सगळं अंग कान झालं. आलं, ती म्हणाली, कुणालाच नाही. त्या जीर्ण देहातून हर्ष सळसळत गेला, आणि हर्षाच्या भरात तिचे हात तिच्या आधी निघाले. बादली मोरीत पालथी. कळशी मोरीत पालथी. हाताला वळण असतं, आणि वळणाला दुष्काळ कळत नाही. चिंचेचा गोळा मुठीत घेऊन ती कळशीचा गळा घासत होती, आणि नळ अजून नुसताच सुसत होता.

हवा होती ती. नुसती हवा. दोन गंजके थेंब पडले, तोटी थरथरली, आणि सगळं थांबलं. सांडलेलं पाणी तोवर मोरीनं गिळलं होतं.

अप्पा ओसरीवर तांबूच्या उशाशी बसून त्याला वारा घालत होते. ती समोर येऊन उभी राहिली. हातात रिकामी कळशी, बोटांना चिंच. खूण करायची गरज पडली नाही.

“समदं?” अप्पांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

हेच दुसऱ्या कुणी केलं असतं, तर अप्पा गप्प उठून चार घरं फिरले असते. पण राग जवळच्या माणसावरच निघतो. तिथे त्याला दार ठोठावावं लागत नाही.

“देव तुला ताजा लागतो,” ते म्हणाले. “हे जितं जनावर शिळं झालं का तुला?”

बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. ते वाक्य गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. कुठे तरी एक खिडकी उघडली आणि पुन्हा लागली.

महानंदा तांबूशेजारी बसली. कळशीच्या वासानं तांबूनं मान उचलली, काठाला जीभ लावली. काठाला चिंच होती. त्यानं तोंड फिरवलं. अप्पांना ते बघवलं नाही. त्यांनी कळशी हिसकावली आणि पायांत काही न घालता ते उन्हात उतरले.

चालले ते रागानंच चालले. नळावर राग, भोंग्याच्या गाडीवर राग, डॉक्टरच्या शहाणपणावर राग, त्या पांढऱ्या निर्लज्ज आकाशावर राग. बायकोवर तर होताच. आणि सगळ्यात तळाशी, कळशीच्या बुडाशी गाळ बसावा तसा, स्वतःवर राग. तांबूच्या खालचं ओलं पोतं बदलण्यासाठी ती रात्रीतून कितीदा उठते, हे त्यांना माहीत होतं. माहीत असून ते तसं बोलले होते. आता तो शब्द परत घ्यायला जागा नव्हती, कारण पाणी परत येणार नव्हतं.

पहिल्या दारानं मान हलवली. दुसरं दार उघडलंच नाही. तिसऱ्या दारातल्या बाईनं आपला कोरडा हंडा आडवा करून दाखवला.

चौकात टँकर उभा होता. हिरव्या, निळ्या, भगव्या घागरींची नागमोडी रांग, रंगांचा जणू उत्सव आणि चेहऱ्यांवर सुतक. रांगेच्या शेपटाशी उभं राहिलं तर टँकर आटल्यावरच पाळी येणार, हे अप्पांना दिसत होतं. मग त्यांना दुसरंही काही दिसलं. टँकरच्या मागच्या तोटीतून पाणी गळत होतं. थेंब, मग थेंब, मग थेंब. खाली डांबरावर तळहाताएवढी ओल, आणि त्या ओलीवर मधमाश्या. अप्पा धोतर सावरून चाकापाशी उकिडवे बसले, आणि त्यांनी कळशी त्या थेंबांखाली धरली.

रांगेतून कुणी ओरडलं, कुणी हसलं. अप्पांच्या कानांनी त्यांच्यावर त्या दिवशी एवढाच उपकार केला. शेवटी एक बाई वाकली, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तिनं विचारलं, घरात कोण आजारी आहे का.

अप्पांनी तोंड उघडलं. कुत्रं, असं म्हणायचं होतं. पण समोर ओठ फुटलेली माणसं होती, कडेवर रडून थकलेली लेकरं होती. त्या एका शब्दाला तिथे जागा नव्हती.

“म्हातारी हाय माजी,” ते म्हणाले. “पाण्याबिगर दम निघंना तिला.”

बाईनं आपल्या हंड्यातून दोन तांबे त्यांच्या कळशीत ओतले. मागच्या बाईनं एक ओतला. आणखी कुणी एक. कळशी निम्मी झाली, आणि कुणी तरी त्यांना दंडाला धरून उठवलं. लौकर जावा, म्हणाले लोक.

उपकाराचं पाणी जड असतं, खोट्याचं त्याहून जड. जिला घटकेपूर्वी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं तोडून बोलले, तिच्याच नावानं ते भीक मागून निघाले होते. वाटेत त्यांचा पाय अडखळला. उपरणं काढून त्यांनी कळशीच्या तोंडावर बांधलं, आणि ते चोरासारखे भिंतीच्या कडेकडेनं चालत राहिले.

घरी पोचले तेव्हा ऊन कललं होतं. महानंदा ओसरीच्या शहाबादी फरशीवर मांडी घालून बसली होती, आणि तांबूचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ती पदरानं वारा घालत होती. अप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओठांना पापुद्रे सुटले होते. ते ओलावायला ती जीभ फिरवत होती, आणि जीभही कोरडीच होती. ही किती वेळात प्यायली नाही, असं त्यांच्या मनात आलं; आणि मग आपण ताटापाशी पाणी पिताना हिचा तांब्या नेहमी तांबूच्या ताटलीकडे का वळायचा, ते आठवलं. त्यांनी चौकात सांगितलेलं खोटं तितकंसं खोटं नव्हतं. याची त्यांना आणखीच लाज वाटली.

त्यांनी तांब्या भरून तिच्यापुढे धरला.

“आधी तू पी. चौकात तुझं नाव सांगून मागून आणलंय.”

तिनं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी नव्हतं; शहरातच नव्हतं तर तिथे कुठून असणार.

“ताजं आणलाव का शिळं?” तिनं विचारलं.

अप्पांना ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं. त्यांनी नुसता तांब्या आणखी पुढे केला. तिनं घोट घेतला, डोळे मिटून, अगदी एकच घोट, आणि उरलेलं तांबूच्या ताटलीत ओतलं.

तांबू प्यायला. मान महानंदाच्या हातावर, जीभ पाण्यात. अप्पांना तो लपलप आवाज ऐकू येत नव्हता. त्यांनी त्याच्या गळ्यावर तळवा ठेवला, आणि एक एक घोट हातानं ऐकला. ताटली संपली, पुन्हा भरली, पुन्हा संपली. कळशी हलकी होत गेली. मागेल तेवढं द्या, म्हणाला होता भला माणूस. मागत होता तेवढं त्यांनी दिलं, आणि मग कळशी तिरपी करूनही काही येईना.

मग व्हायचं तेच झालं.

तांबूला उठता आलं नाही. या घरात त्यानं कधी ओसरी ओली केली नव्हती. पायरीखाली पोचता येईना तेव्हापासून तो पोत्यावर सरकून तरी पडायचा. आता पुढचे पाय नुसते थरथरले. निजल्या जागी त्याच्या अंगाखालून ओघळ सुटला, निर्मळ, बिनरंगाचा, जसा आला तसाच निघालेला. तांबूनं धुकाळ डोळ्यांनी वर पाहिलं आणि कान पाडले.

“पड,” महानंदा म्हणाली. “पड रं बाळा.”

ओघळ फरशीच्या उतारानं तिच्याकडे निघाला. जिनं आयुष्यभर उंबऱ्यातली सावलीसुद्धा धुऊन घेतली, शेजारणीचा हात लागलेली घागर पुन्हा विसळली, त्या बाईच्या लुगड्याच्या काठाला तो भिडला. तिनं पाय आखडला नाही. मांडीवरचं डोकं हललं असतं.

अप्पा हातात रिकामी कळशी घेऊन उभे होते. त्यांची भीक, त्यांचं खोटं, त्या अनोळखी बायांच्या हंड्यातले तांबे, सगळं डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं. पुसायला पोतं उचलावं म्हणून ते वळले, तर तिनं हातानं खूण केली, राहू द्या.

“गेलं की समदं,” ते म्हणाले. आवाज त्यांच्या नकळत पुन्हा मोठा झाला होता.

तिनं त्यांचं धोतर धरून त्यांना खाली ओढलं, आणि त्यांच्या कानापाशी तोंड नेलं.

“उद्याबी माजंच नाव सांगा.”

अप्पा बसले. तिथेच, तिच्या अंगाला अंग लावून, त्या ओलीत. मावळतीचं पिवळं ऊन फरशीवर आडवं झालं होतं. आणि तडकलेल्या त्या अवघ्या नगरीत एक बारीक झरा चालला होता, तिच्या लुगड्याखालून, त्यांच्या धोतराखालून, ओसरीवरून पायरीवर, पायरीवरून धुळीत, हळू, हळू, हळू.