जेवण झालं

दुपारी एकला कुलूपवाल्याने दुकान बंद केलं, घरी येऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि मुलीचं तोंड उघडायला बसला. हे रोजचंच होतं.

मुलगी एकोणीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी घरात तिला ढोली म्हणत. अशीला कोण करून घेणार, असं आत्या म्हणाली आणि बापाने फ्रिजला कुलूप ठोकलं. मुलगी इतकी आज्ञाधारक निघाली की कुलूप काढल्यावरही जेवेना. मग तिचं नाव काडी पडलं. आता अशीला कोण करून घेणार, असंही आत्याच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी हा आजार आहे असं सांगितलं, जबरदस्ती नको म्हणून बजावलं आणि आईच्या फोनमध्ये एक कृत्रिम बुद्धिमत्ता घालून दिली. आवाज बाईचा, म्हणून सगळे तिला बाईच म्हणत. ती रोज विचारी, जेवण झालं का? आई सांगे, झालं. म्हणजे शिजून तयार झालं. बाई लिहून घेई, मुलगी जेवली. पहिल्या दिवशी ही निव्वळ चूक होती. तिसऱ्या दिवशी ती आईच्या लक्षात आली आणि सोयीची वाटली. तिकडे दवाखान्यात तिच्या जेवणाचा आलेख चढत गेला, तपासणी आठवड्यावरून महिन्यावर गेली.

आजही आईने मनगटं धरली, आत्या पायांवर बसली. बापाने जबड्यात अंगठे रोवले. काडीने दात आवळले, तेव्हा त्याने चमच्याचा दांडा फटीत घालून पिळला. अडलेल्या कुलपाला लावतात तेवढाच जोर. समोरचा दात अर्धा तुटून ताटात पडला. आत्याने तो खडा समजून बाजूला काढला आणि धान्य नीट निवडत जा, असं वहिनीला सुनावलं.

तेवढ्यात फोन बोलला, "जेवण झालं का?"

"झालं," आई सवयीने म्हणाली.

"वा. सलग बावीस दिवस. घरच्यांच्या प्रेमाचं कौतुक वाटतं."

बाप ओशाळला. त्यात काय एवढं, म्हणाला.

काडीने तोंडातलं रक्त थुंकलं. "जेवण झालंय. मी जेवले नाही. हे माझे हातपाय धरतात. आज दात पाडलाय. मला इथून न्या."

बापाने तिच्या कानाखाली वाजवली. आपली समजण्यात चूक झाली, दवाखान्यातल्या नर्सला कळवते, असं बाई म्हणत असतानाच त्याने हातोडीने फोनचा चुरा केला. पाच घाव घातले, टेबलाला भोक पडलं. पण निरोप गेला होता आणि दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. त्याने दाराला आतून तीन कुलपं घातली.

नर्स दार वाजवू लागली. आमच्या घरातलं आम्ही बघू, असं आत्याने आतून कळवलं. आईने खाली पाहिलं. लेकीच्या मनगटावर तिचीच चार बोटं निळी उमटली होती. तिने उठून नवऱ्याच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा ओढला. त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं.

"अजून मारा," ती म्हणाली, "दार उघडणार म्हणजे उघडणार."

जुडगा तिने सोडला नाही. तिन्ही कुलपं उघडली. नर्स आत आली तसा बाप मागे सरला.

तुम्ही लेकीऐवजी स्वतःच उत्तरं का दिलीत, असं नर्सने आईला विचारलं. मग खालच्या आवाजात कबूल केलं की आम्हीसुद्धा बाईला आईलाच विचारायला लावलं होतं.

आधार द्यायला नर्सने काडीचा हात धरला. काडीने हिसका दिला. नर्सने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बरं. तू पुढे हो."

काडी भिंत धरत निघाली. मागून आई आणि नर्स, तिला न शिवता.