तीसपट उजेड

वेधशाळेत सगळेच त्यांना भावोजी म्हणायचे, अगदी संचालकसुद्धा. दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला गार ठेवणारं यंत्र सांभाळायचं, हे त्यांचं पगाराचं काम. पण ते यंत्र बिचारं इतकं गुणी की वर्षात दोनदासुद्धा कुरकुरत नसे. मग रिकामा माणूस काय करणार? बायको आणि मेहुणी यांच्यातले निरोप पोचवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं.

दोघी बहिणी एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या खोल्यांत बसायच्या, आणि तीन वर्षं त्यांचा अबोला होता. भांडण दागिन्यांवरून नव्हतं, घरावरून नव्हतं, मेलेल्या ताऱ्यांवरून होतं. काही तारे मरताना फुटतात ते इतरांपेक्षा कितीतरी पटींनी झगझगीत. एवढा उजेड येतो कुठून? थोरली, म्हणजे भावोजींची बायको, म्हणायची, स्फोटानंतर मागे गरगर फिरणारा एक जबरदस्त चुंबक उरतो आणि तोच उडालेल्या वायूला आतून तापवत ठेवतो. धाकटी म्हणायची, छे, तारा मरायच्या आधीच अंगावरची सालं टाकतो. मग फुटला की सगळा ऐवज जाऊन त्या सालांवर आदळतो, उजेड त्या धडकेचा.

आता यात कुणाच्या बापाचं काय गेलं? पण एका बैठकीनंतर धाकटी भावोजींना म्हणाली, की ताईला म्हणावं, ते गणित एकदा तपासून बघ. भावोजी कॉरिडॉर ओलांडून पलीकडे पोचेपर्यंत त्याचं झालं, "ती म्हणते, तुझं गणित केराच्या टोपलीत टाक." थोरलीनं उलट निरोप धाडला, तोही वाटेत असाच फुगला. झालं, पडली ना ठिणगी!

माणूस मुळात वाईट नव्हता हो. पण सरळ निरोप दिला की थोरली नुसतं "बरं" म्हणून पुन्हा आकड्यांत डोकं घालायची. तिखटमीठ लावलं की पेन खाली ठेवायची, खुर्ची पुढे ओढायची आणि विचारायची, अजून काय म्हणाली? जन्मभर हुशार बायकोपुढे गप्प बसलेल्या नवऱ्याला कुणी असं विचारलं की जीभ सुटणारच. पलीकडे धाकटीही त्यांना बसवून घेऊन चहा पाजायची. दोन्ही खोल्यांत आपली वाट बघतात, याचं त्यांना फार सुख होतं.

आणि मग तो स्फोट दिसला. नेहमीच्यापेक्षा तीसपट तेजस्वी! दोघींनी आपापला दावा लिहून काढला. संचालक वैतागले. म्हणाले, वेधशाळेचं निवेदन एकच जाईल, शुक्रवारी, दोघींच्या सह्यांनी. एकमत झालं नाही तर काहीच जाणार नाही, आणि दुसरी वेधशाळा हा तारा घेऊन जाईल.

भावोजींच्या पाचावर धारण बसली. एकमत व्हायचं तर दोघी समोरासमोर बसणार, बसल्या की बोलणार, आणि बोलल्या की आपलं बिंग फुटणार. नाही बसल्या तर दोघींची मेहनत पाण्यात. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, आता फक्त खरं सांगायचं. पण खऱ्यावर कोण विश्वास ठेवतो! धाकटीला चर्चा करायची आहे, एवढंच सांगितलं तर थोरली म्हणाली, एवढंच म्हणाली? तुम्ही नक्की काहीतरी लपवताय.

गुरुवारी दुपारी धाकटी आलेख घेऊन खोलीबाहेर आली. भावोजींनी सवयीनं हात पुढे केला. तिनं मान हलवली, हे सांगायचं नाही, दाखवायचं आहे म्हणाली, आणि ताईच्या दारावर टकटक केली. मागोमाग भावोजी आत शिरले ते भिंतीलाच चिकटून राहिले.

तिनं टेबलावर आलेख पसरला. स्फोटाचे रंग अगदी साध्या स्फोटाचे होते, मावळण्याची चालही साधीच. चुंबक नाही, सालं नाहीत. त्या ताऱ्याच्या आणि आपल्या मध्ये बरोबर एका रेषेत आपल्या आकाशगंगेसारखी एक अंधूक दीर्घिका उभी होती. तिच्या गुरुत्वाच्या ओढीनं उजेड वाकून आपल्याकडे गोळा होत होता, भिंगातून व्हावा तसा.

थोरलीनं कागद दोनदा पाहिला. मग तिला हसू आलं. "म्हणजे तारा बिचारा साधाच होता. आपण उगाच भांडलो."

"याच्यावरून उगाच," धाकटी म्हणाली. "बाकीच्यांवरून भांडू की. चुंबकावर माझा अजून विश्वास नाही." मग तिनं विचारलं, "गुडघा कसा आहे तुझा?"

"तीन वर्षांनी आठवण झाली?"

"रोज विचारते की मी! भावोजी आले की आधी तेच विचारते."

दोघींनी एकदमच वळून बघितलं. भावोजींना वाटलं, आता बोलणी बसणार, आणि ती बसली असती तर त्यांना बरंच वाटलं असतं. पण थोरली ओरडली नाही. तिचा आवाज उतरला होता.

"रोज विचारायची ही?"

"हो."

"मग सांगितलं का नाही कधी?"

भावोजी म्हणाले, "त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही मला."

बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच ते वाक्य ऐकू आलं. लाज वाटली, भयंकर लाज वाटली. थोरलीनं डोळे पुसले, एक खुर्ची धाकटीकडे ढकलली, दुसरी त्यांच्याकडे.

"बसा. आता सगळं सांगा. तिचं मला, माझं तिला."

भावोजी बसले. रंगवून सांगितलेल्यातलं एकही वाक्य त्यांना धड आठवेना. न सांगितलेली मात्र सगळी आठवत होती.

"पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती," त्यांनी सुरुवात केली, "ताईला दुर्बिणीचा जिना चढू देऊ नका, तिचा गुडघा दुखतो, तिचे कागद मी वर नेऊन ठेवीन."