डावं मडगार्ड

गंजाच्या पापुद्र्याखाली बैलाची नाल होती. अंगठ्याच्या नखानं खरवडलं तसा तिचा वाक दिसू लागला, मग खिळ्याचं भोक… ब्रेकच्या पेडलवर बैलाची नाल दुसरं कोण मारील? पावसाळ्यात अनवाणी पाय घसरायचा, म्हणून कोलू लोहारानं ती रिवेट मारून बसवून दिली होती, आणि वर म्हणाला होता, ‘आता तू बी बैलच झाला इस्तारी.’

“मामाजी, हेच होय का नाई, तेवढं सांगा,” भूपेश म्हणाला. भूपेश बहिणीचा मुलगा, ग्रामपंचायतीचा मेंबर. मुलचेऱ्याच्या बंद वर्कशॉपमागं, बेशरमाच्या झुडपात पडलेलं हे जुन्या ट्रॅक्टरचं यंत्र — नावाची पाटी कोणी कधीच उचकटून नेलेली. इथली जंगलजमीन पहिल्यांदा ज्यानं फोडली ते हेच असेल, तर बाजारचौकात चबुतऱ्यावर चढणार होतं. नसेल तर बल्लारपूरचा भंगारवाला गॅसकटर घेऊन उभाच होता. ओळखणारा माणूस एकच उरला होता — तेव्हा ते चालवणारा इस्तारी.

“बुढ्ढा तो नाडी देख रहा है,” भंगारवाला हसला.

“पाहू दे त्याइले. लोखंड कुठी पळून नाई चाललं,” भूपेश म्हणाला.

इस्तारीला ते उजव्या कानानं ऐकू आलं. डावा लहानपणीच फुटून बहिरा झाला होता. तो पुढं सरकला. आडवा, एकच सिलिंडर. पुढं यंत्राचं नाक — त्याखाली ब्लोलॅम्पची ज्योत धरायची, ते निखाऱ्यासारखं लाल झालं की स्टिअरिंग दांड्यासकट उपसून काढायचं, बाजूच्या फिरत्या चाकात खुपसायचं आणि झोका द्यायचा. धडधड सुरू झाली की तेच स्टिअरिंग परत जागेवर. बॅटरी नाही, चावी नाही. कुठल्या दूरदेशी कोण्या माणसानं रानातल्या माणसाचा असा विचार केला असेल, याचं त्याला तेव्हाही नवल वाटे… आणि धडधडीत दोन ठोक्यांच्या मध्ये इतकी जागा असे की त्यात माणसाला एखादा शब्द बोलता यावा.

वच्छला, त्याची बायको, बोलली होती. सावली गावाकडून वरातीचा ट्रक आला तो नाल्यातच फसला, तेव्हा नवरदेव असून तोच यंत्र घेऊन गेला आणि आपल्या नवरीला मडगार्डावरच्या छोट्या सीटवर बसवून आणलं — उजवीकडे, अगदी कानाशी. दोन ठोक्यांच्या मध्ये ती म्हणाली, ‘घर आखीन दूर असू द्या जी.’ त्यानं वळून पाहिलं नाही, वाट खुंटांनी भरलेली होती, नुसतं ऐकलं. पुढं ती रागावून माहेरी बसायची तेव्हा, पोर गेलं तेव्हा, शेवटच्या आजारात ती भिंतीकडे तोंड करून पडायची तेव्हासुद्धा… मी त्या एका वाक्यावर हात ठेवून झोपलो.

तो उजव्या मडगार्डाशी आला. सीटच्या बोल्टांची भोकं शोधू लागला. तळहात फिरवला, गंज झाडला, पुन्हा फिरवला. पत्रा सलग होता. आणि मडगार्डाच्या पुढंच पट्टा चढवायचं मोठं चाक, उघडं. यंत्र चालू असलं की ते गरगर फिरणार, नवरीचा पदर हमखास ओढून घेणार. बनवणाऱ्यानं इथं कोणाला बसू दिलंच नसतं.

तो मागून वळसा घालून डावीकडे गेला. चार भोकं होती. स्वच्छ, गोल.

…नीलाबाई आत्या नाल्याकाठी ओरडत होती, ‘डाव्या अंगाले बसव रे नवरीले!’ हे आत्ता कुठून आलं? इतकी वर्षं कुठं होतं?

डावीकडे बसली असेल, तर त्या धडधडीत मी काय ऐकलं?

हे ते नव्हेच, असं म्हटलं की झालं. एक शब्द. कटर पेटेल, संध्याकाळपर्यंत ना डावी बाजू उरेल ना उजवी, आणि वच्छला पुन्हा उजवीकडे येऊन बसेल, तेच म्हणेल. त्यानं भूपेशकडे पाहिलं. भूपेश थांबला होता, त्याच्यावर विश्वास ठेवून. पेडलवरची नालही थांबली होती.

“हेच होय,” इस्तारी म्हणाला.

“पक्कं?”

“पक्कं.”

भंगारवाल्यानं काहीतरी पुटपुटत नळी गुंडाळायला घेतली. इस्तारी नालेवर पाय देऊन वर चढला. ड्रायव्हरच्या सीटचा नुसता सांगाडा होता, तरी तो बसला.

“मामाजी, पडसान! उतरा खाली!”

तो उतरला नाही. डावीकडे मान वळवली — तेव्हा वळवली नव्हती तेवढी, उजवा कान पुढं यावा म्हणून आणखी थोडी. मानेत कळ आली. चार भोकांतून बेशरमाची हिरवी पानं दिसत होती. वच्छला काहीच बोलली नसेल. की बोलली असेल, भलतंच काही, साधंच… आणि इतकी वर्षं, कधी ना कधी हा विचारील म्हणून ती वाट पाहत…

मान दुखत होती. त्यानं ती सरळ केली नाही.