त्याला कुणी न्हाऊ घातलं?

ती बादली घेऊन खोलीत शिरली, तसा सासऱ्यांनी उजव्या हाताने स्टुलावरचा मग उचलला आणि भिंतीवर भिरकावला. तो आपटला आणि गरगरत पलंगाखाली गेला.

"सांगितलं ना एकदा. मला अंघोळ नको."

"बाबा, आज पाचवा दिवस आहे."

"असू दे. तो माणूस आला की बघू."

तो माणूस, म्हणजे त्यांचं सगळं करायला ठेवलेला मदतनीस, दुसरीकडे काम लागलं म्हणून निघून गेला होता. तो आता येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी टेकायचा. अर्धांगवायूने डावी बाजू गेल्यापासून हाताशी उरली ती सून. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे मुलांचं रांधून ती दुपारी घरी यायची आणि पुन्हा पदर खोचायची.

पलंगाखालचा मग काढायला ती गुडघ्यांवर बसली आणि तिथेच फरशीवर टेकली. उठवेना. चादरीला वास येत होता. सासऱ्यांच्या कमरेवर लाल चट्टा उठला होता. कातडी फुटली तर महिनोन्‌महिने भरणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"सुनेच्या हातून..." ते छताकडे बघत म्हणाले. "चाळीस वर्षं पाळक होतो मी."

ते तिला कुणी सांगायला नको होतं. नवी नवरी म्हणून चर्चच्या शेवटच्या बाकावर बसली होती, तेव्हाही त्यांचा आवाज माइकशिवाय तिच्यापर्यंत खणखणीत पोचला होता. त्यांचा तारणारा लाटांवरून चालायचा, वादळाला दटावायचा, न्याय करायला ढगांवरून येणार असायचा. ऐकताना ती अंग चोरून बसायची.

"बाबा," ती खालूनच म्हणाली, "त्याला कुणी न्हाऊ घातलं असेल हो?"

"कुणाला?"

"तारणाऱ्याला. लहान होता तेव्हा."

"आईने. आणखी कोण घालणार?"

"दुपटीही तिनेच बदलली असतील."

"तोंडाला येईल ते बोलू नकोस."

"म्हणजे नसतील बदलली?"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. तिने पदराने मग पुसला.

"मोठेपणी दमायचा का तो?"

पलंगाचा आधार घेऊन ती उठायला लागली.

"दमायचा," ते म्हणाले. "एकदा चालून चालून दमला आणि विहिरीवर बसला. एका परक्या बाईकडे प्यायला पाणी मागितलं."

"स्वतः?"

"हं."

"हे तुमच्या उपदेशात कधी आलं नाही. वीस वर्षं ऐकलं मी."

"तिथून मी भराभर पुढे जायचो." त्यांचा आवाज बसला होता. "पुढे तो तिला जे सांगतो, ते मोठं वाटायचं. त्याचं दमणं कशाला सांगायचं? लोकांना बळाचा देव हवा असतो." मान तिच्याकडे वळवून ते म्हणाले, "मलाही तोच हवा होता."

त्यांनी उजवा हात वर केला. सदरा काढून घ्यायला लहान मूल करतं, तसा.

तिने एकेक बटण सोडलं. लुळा हात मनगटाशी उचलून काखेत साबण लावला. त्यांना कुशीवर वळवताना तिची कंबर लचकली, पण तिने हूं की चूं केलं नाही. चट्टा नुसता टिपून घेतला. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. तोंड पुसताना गालावर ओघळलेलंही तिने त्याच हाताने पुसून टाकलं.

"पाणी गार आहे," ते पुटपुटले.

"गरम करून आणू?"

"नको. तू दमली असशील."

कोरड्या चादरीवर ते घटकेत झोपले. तोंड उघडं पडलं होतं. ती बादली ओतून आली, तेवढ्यात फोन वाजला. ट्रकच्या घरघरीतून नवऱ्याने विचारलं,

"काय म्हणतात बाबा? झाली अंघोळ?"

"झाली."

"तू घातलीस? कशी काय घालू दिली?"

"दिली."

"मग सुटलो बुवा! आता काळजी नाही. तू सगळं निभावतेस, म्हणून मी..."

"अहो," ती म्हणाली. ओल्या हातातून फोन निसटत होता, म्हणून तिने तो दोन्ही हातांनी धरला. "मला नाही निभत. रजा काढा आणि घरी या."

पलीकडे ट्रकची घरघर थांबली. त्याने गाडी कडेला घेतली होती.