मावशीच्या हाताचा तांबेरा

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरकावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यातली नाही. देवाने गव्हाच्या पानालासुद्धा जीव राखायची अक्कल दिली आहे आणि माणसाला माया दिली आहे. त्या दोघींची एकदा एका काचघरात, चांगल्या लख्ख उजेडात गाठ पडली. ती कशी, तेवढं सांगतो. ऐकताना भीती वाटली तर वाटू द्या.

तर एक होती मावशी आणि एक होती तिची भाची. दोघी एकाच संशोधन केंद्रात गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करायच्या. तांबेरा म्हणजे बुरशीच. पानावर गंजासारखे नारिंगी फोड येतात, बोट लावलं की भुकटी लागते, आणि तीच भुकटी वाऱ्यावर बसून पुढच्या शेतात उतरते. ह्या बुरशीला पुरून उरेल असं रोप शोधण्यात मावशीची हयात गेली. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायची, "लागलंय की तांबेऱ्याशी. इतका चिवट नवरा कुणाला मिळालाय?"

मावशी गेली तेव्हा तिच्या शेवटच्या संकराचं मूठभर बी मागे राहिलं होतं. बारीक, चिमलेलं बी, उगवेल न उगवेल असं. भाचीने जीव मुठीत धरून ते सगळंच्या सगळं निरोगी काचघरात पेरलं. आणि उगवलं हो. रोपं गुडघ्याला लागली, ओंब्या तेवढ्या बाहेर पडायच्या होत्या. एकदा दाणा भरला की मावशीचं काम जगलं, असा भाचीचा हिशेब.

ह्या लोकांचा एक कडक नेम असतो. सकाळी आधी निरोगी काचघरात जायचं, मग रोगट काचघरात. उलट कधीही नाही. रोगाच्या बाजूची टाचणीसुद्धा निरोगी बाजूला आणायची नाही. त्यातूनही रोग शिरलाच तर लगेच कळावा म्हणून दाराशी एका ट्रेमध्ये अगदी नाजूक जातीचा गहू लावून ठेवतात. त्याला म्हणतात पहारेकरी. बिचाऱ्याला तांबेऱ्याचं वारं जरी लागलं तरी तो आजारी पडतो, आणि तेच त्याचं काम.

एके सकाळी भाची आत शिरली आणि पहारेकऱ्यापाशीच थांबली.

पानांवर नारिंगी फोड होते. ते कसेही विखुरलेले नव्हते. ट्रेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, पानामागून पान, ओळीने गेले होते. एक रेघ, मग मोकळी जागा, मग शेजारी शेजारी दोन रेघा.

मावशीला एक सवय होती. रोपांमधून चालताना लेकराच्या केसांतून फिरवावा तसा डावा हात पानांवरून फिरवायची. आणि त्या हाताचं मधलं बोट जुन्या अपघातापासून ताठ होतं. बाकीची बोटं पानांना लागायची, ते एकटं वर राहायचं.

"काय गं, असा चेहरा का पडलाय?" मागून माळीकाका पाण्याची नळी ओढत आले. भाची ट्रे झाकेल अशी उभी राहिली.

"काही नाही, काका. झोप झाली नाही."

"मग ठीक. मला वाटलं, तुलाही दिसल्या."

"कोण?"

"आपल्या बाई, तुझ्या मावशी. परवा पाणी घालताना वाटलं, त्या कोपऱ्यात उभ्या आहेत. म्हटलं, आता चष्मा बदलायला हवा." काका हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. नळी घेऊन ते बाहेर गेले.

तेव्हा भाचीला स्वेटर आठवला.

तांबेऱ्याचे जुने वाण जपून ठेवायच्या थंड खोलीत मावशीचा लोकरी स्वेटर खुंटीला लटकत होता. ती गेल्यावर तो काढायला कुणाचा हात धजला नव्हता. भाचीची आई म्हणाली होती, "आण गं घरी. माझ्या ताईच्या अंगाचा वास असेल त्याला." भाचीने तो काढला, आणि मन इतकं भरून आलं की घरी नेण्याआधी अंगात घालून मावशीच्या रोपांना एक फेरी मारली. मेलेल्या माणसाचा कपडा, त्यात काय असणार, असं तिला वाटलं. दुसऱ्या कुणाला हे सुचलं असतं तर तिनेच त्याला फैलावर घेतलं असतं. लोकरीत तांबेरा बसला होता, थंडीत जिवंत राहिला होता.

इथवर सगळं समजण्यासारखं होतं. पण भाचीने त्या फेरीत पानांना हात लावला नव्हता. दोन्ही हात बाह्यांत ओढून घेतले होते, हे तिला पक्कं आठवत होतं. आणि तिचं तर एकही बोट ताठ नव्हतं.

ती मावशीच्या रोपांकडे वळली. त्यांच्याही पानांवर तशाच रेघा होत्या, मात्र नारिंगी नव्हत्या. सुईच्या टोकाएवढे नुसते वाळके ठिपके. भाचीने भिंग धरलं. तांबेरा जिवंत पेशीवरच जगतो. ह्या रोपांनी त्याला शिरताना ओळखलं होतं, आणि जिथे तो शिरला त्या पेशी आपण होऊन मेल्या होत्या. भोवती अन्न उरलं नाही, चोर उपाशी मेला, पान हिरवं राहिलं. मावशी जन्मभर जे शोधत होती ते हेच होतं, आणि ते पाहायला ती नव्हती.

पण निरोगी काचघरात रोग निघाला की आतलं प्रत्येक रोप नष्ट करायचं, हाही नेमच होता.

भाचीच्या हातात कात्री होती. पहारेकऱ्याचा ट्रे कापून पिशवीत घातला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. काही आठवड्यांत दाणा भरला असता. पण वर पंखे फिरत होते, बाहेरचा वारा आत आणि आतला बाहेर. हा तांबेरा मावशीच्या तरुणपणचा. शेतांतून केव्हाचाच नाहीसा झालेला. आजचा गहू त्याला ओळखतच नव्हता. एकदा बाहेर पडला असता तर क्षितिजापर्यंतची पिकं गेली असती.

तिने कात्री उघडली.

त्याच क्षणी मावशीच्या रोपांची पानं हलली. वाऱ्याने सगळी एकदम हलतात. ही एकामागून एक वाकत होती, कुणीतरी कडेने हात फिरवत यावं तशी, तिच्याच दिशेने. शेवटचं पान वाकलं ते तिच्या अगदी मनगटाशी.

"मावशी, नको ना," ती कसंबसं बोलली. "काय करू, ते सांग तरी."

पानं थांबली. रोपं वाचव म्हणून ती आली होती की निरोप घ्यायला, हे भाचीला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही. ठिपके मात्र समोर होते. मेलेल्या पेशी, आणि त्यांच्यामुळे जिवंत राहिलेलं पान. तिने कात्री मिटली आणि विभागप्रमुखांना फोन लावला.

प्रमुखही मावशीच्याच हाताखाली शिकलेले. ठिपके पाहून त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"औषध मारून बघू, सर. एवढी पंधरा-वीस तर रोपं आहेत."

"आणि तो मेला की नाही हे कुणाला विचारायचं? त्यालाच?"

"सर, सापडलंय हो तिला."

"दिसतंय मला," ते हळू म्हणाले. "म्हणूनच माझ्याकडे असं बघू नकोस, मी विरघळेन. स्वेटर कुठाय?"

स्वेटर आईच्या उशाशी होता. भाचीने सगळं सांगितलं तेव्हा आईने तो छातीशी धरला.

"ताईला दोनदा नेताय तुम्ही लोक."

"आई, अगं, तो तांबेरा..."

"मला नको सांगूस तांबेरा. तिच्या ताटात तांबेरा, झोपेत तांबेरा. बहीण माझ्या वाट्याला आली कधी?" मग आईने स्वेटरची घडी घातली आणि स्वतःच पिशवीत ठेवला. "तू नाही ना आजारी पडत त्याने?"

"माणसाला होत नाही गं तो."

"तुला काय माहीत," आई म्हणाली.

रोपं ऑटोक्लेव्हमध्ये घालतात; तो म्हणजे आपल्या कुकरचा थोरला भाऊ. माळीकाका म्हणाले, "सर बाकीचं बघतील, तू घरी जा." ती गेली नाही. आधी स्वेटरची पिशवी, मग एकेक कुंडी तिने आपल्या हाताने आत ठेवली. शेवटची कुंडी ठेवताना तिने डावा हात पानांवरून फिरवला, मधलं बोट वर धरून. ते तिने ठरवून केलं नव्हतं. मग दार लावलं. वाफेला उकडलेल्या चाऱ्याचा वास येत होता, आणि यंत्र निवेपर्यंत भाची, काका आणि सर, तिघंही तिथेच उभी होती.

त्या वर्षी भोवतालच्या शेतांत गहू नेहमीसारखा पिकला. कुणाला काही कळलं नाही, कळण्यासारखं काही घडलंच नव्हतं. भाचीने मावशीचेच जुने मायबाप वाण काढून तो संकर पुन्हा करायला घेतला. तो जमेल की नाही, आणि किती वर्षांनी, ते देव जाणे. निरोगी काचघरात ती आता एकटी गेली की आधी दारात थांबते, आणि पानं स्थिर दिसली की तिला हायसं वाटतं, आणि वाईटही वाटतं.

आता उठा मायबाप, घरी जा. उद्या पानात गव्हाचं काही पडलं की पहिल्या घासाआधी क्षणभर थांबा, आणि जिच्या कष्टाचं एकही रोप मागे उरलं नाही त्या मावशीची आठवण काढा. तिचं नाव ठाऊक नसलं तरी चालेल. तिला पोचेल.