कोरा रकाना

चिमट्याने पट्टीचं टोक धरून तिने ती यंत्राच्या पेटीत अलगद पसरली, झाकण लावलं आणि बटण दाबलं. पडद्यावर चित्र उमटायला जरा वेळ लागतो. शेजारी स्टूल होतं, रिकामंही होतं. पण गेले काही दिवस तिचं आणि बसण्याचं जमत नव्हतं.

पहिल्या दोन रकान्यांत काळ्याभोर रेघा आल्या. ते पेशंट होते, त्यांच्या रेघा यायलाच हव्या होत्या. तिसरा रकाना कोरा राहायला हवा होता. तो काही वेळ कोरा राहिला, त्याने तिला पुरेशी आशा लावली, आणि मग तिथेही एक रेघ ठसठशीत उभी राहिली.

"आलीस?" ती रेघेला म्हणाली. "ये, बस."

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटा म्हणत, कारण तो तिच्या हातातून चहा पितानाही सुटत नसे. तिचं काम सांगायला सोपं होतं. रक्त तयार करणाऱ्या पेशींना बाहेरून निरोप येतो, की वाढा. पेशीच्या दारावरचं एक प्रथिन तो निरोप घेतं, आतल्या दुसऱ्या प्रथिनाच्या हातात फॉस्फेटची चिठ्ठी कोंबतं, आणि ते धावत जाऊन आत वर्दी देतं. काम झालं की चिठ्ठी काढून घेतात आणि सगळे गप्प बसतात. ती ज्या आजारावर काम करत होती त्यात दारावर कोणी नसतं, निरोप नसतो, तरी आत पळापळ चालूच. बेल न वाजता दार उघडायला धावणारी माणसं घरांतही असतात. फक्त त्यांच्यामुळे कोणाचं रक्त दाट होत नाही. रक्ताच्या नमुन्यात चिठ्ठी असली की पट्टीवर त्या माणसाच्या रकान्यात रेघ येते. नसली की रकाना कोरा.

तिसरा रकाना सरांचा होता.

निरोगी नमुना म्हणून सरांचंच रक्त घ्यायचं, हा इथला जुना रिवाज. सुरुवातीला बाही वर करायला दुसरं कोणी तयार होईना म्हणून सरांनी केली. पुढे त्याची सवय झाली आणि सवयीचा अभिमान झाला. "माझं रक्त म्हणजे या प्रयोगशाळेचा शून्य," असं ते नव्या मुलांना सांगत. त्यांच्या नळीवर 'नॉर्मल' एवढंच लिहिलेलं असे. बाहेर सरांचा पारा कितीही चढलेला असो, फ्रीजमध्ये ते नॉर्मलच असत.

दार ढकलून सर आत आले. नेहमीसारखा लालबुंद चेहरा, एका हाताने दुसऱ्या हाताचं कोपर खाजवणं चालू.

"काय गं, आला का कोरा?"

"नाही सर."

"म्हणजे पुन्हा घाण केलीस."

"रसायनं नवी आणली सर. नळ्या नव्या. हातमोजेसुद्धा मधे बदलले."

"आतले हात कोणाचे होते?"

"माझेच."

"मग आता तेवढे बदल." सर पडद्याकडे न बघताच वळले. "महिनाअखेर लेख गेला पाहिजे. आणि तुझ्या काकूंनी पुन्हा नवा साबण आणलाय, तोही तसलाच निघाला. गरम पाणी अंगावर घेतलं की खाजकुयली टाकल्यासारखं होतं. उद्या परत करायला लावतो. साबणवाल्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे."

ते गेले. चिमटा पट्टी पेटीतून काढायला वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

हे तिने आधी ऐकलं होतं. दरवर्षी, नव्या मुलांच्या वर्गात, सरांच्याच तोंडून. "हा पेशंट डोकं जड झालं तरी डॉक्टरकडे जात नाही. चेहरा लाल झाला तर मुळीच नाही. लोक म्हणतात, वा, तब्येत सुधारली! आंघोळीनंतर खाज सुटते, तेव्हा मात्र तो उपाय करतो. साबण बदलतो." इथे वर्ग हमखास हसायचा. तीही हसायची. या वर्षी हे सांगताना सर फळ्याच्या कडेवर पाठ घासत होते, तेव्हा तर जरा जास्तच हसली होती.

तिने धुतलेली भांडी पुन्हा धुतली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन आली, आपण कशाला गेलो होतो ते आठवेना म्हणून पुन्हा गेली. मग रक्ताचे नमुने घेणाऱ्या तंत्रज्ञाच्या खोलीत शिरली. त्याला सगळे डास म्हणत. त्यालाही ते आवडे.

"माझं रक्त काढ."

"सकाळी सकाळी? भांडण झालं का घरी?"

"तुझंही हवंय. आणि सरांचं, ताजं."

"माझं कोण काढणार?"

"मी."

"तू? कशाने, चिमट्याने?" त्याने तिच्याकडे नीट बघितलं आणि थट्टा आवरती घेतली. "सरांना काय सांगू?"

"सांग, मी पुन्हा घाण केलीय."

"ते सांगायची गरज नाही, ते ओळखतील."

दुपारी ती सरांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली. बोलायचं काय ते जिन्यात पाठ केलं होतं.

"सर, तुमचं डोकं हल्ली..."

"माझं डोकं शाबूत आहे. तुझं सांभाळ. आणखी काही?"

"नाही सर," ती म्हणाली, आणि जिना उतरताना स्वतःला चार शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवी पट्टी तयार झाली. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या हातून चूक झालेली असावी असं तिला मनापासून वाटत होतं. तिने रकान्यांवर नावं घातली नाहीत, नुसते आकडे घातले. छापलेलं चित्र घेऊन ती केबिनमध्ये गेली तेव्हा चिमटा हातातच होता.

"सर, एवढं वाचून द्याल? नावं सांगणार नाही. तुमचं मत हवंय."

सरांची कळी खुलली. पट्टी वाचायची म्हटली की ते जेवणावरूनही उठत. त्यांनी चष्मा चढवला आणि कागद खिडकीशी धरला.

"काम तरी स्वच्छ झालंय या वेळी. एक आणि चार पेशंट. दोन, तीन कोरे. हां, हे असे हवेत कोरे."

"आणि पाच?"

"पाच तर ढळढळीत! हा नवा दिसतोय. उपचार चालू आहेत?"

"नाहीत सर."

"डॉक्टरला तरी दाखवलंय का?"

"नाही."

"गाढव आहे की काय?"

चिमट्याने टेबलावरचं पेन सरळ केलं.

"हे बघ, नुसत्या पट्टीवर निदान होत नाही. पण त्याला रक्त तपासायला आजच पाठव. उद्या नाही, आजच. असलं दाट रक्त घेऊन हिंडतोय म्हणजे काय! गुठळी होऊन मेंदूत गेली तर पुढे कोणाच्या हातात काही राहत नाही. आणि घाबरू नको म्हणावं. वेळेत धरलं तर या आजारासकट लोक म्हातारे होतात, नातवंडं खेळवतात." सरांनी कागद टेबलावर ठेवला आणि बाही वर सारून कोपर खाजवायला घेतलं. "आहे कोण हा? ऐकत नसेल तर मी बोलतो."

चिमट्याची दोन टोकं तिच्या बोटांत उघडत, मिटत होती. टिक, टिक. तिला वर बघवेना, म्हणून ती समोर बघत होती. समोर सरांचं कोपर होतं. आतल्या बाजूला डासाने काल लावलेली चिकटपट्टी अजून तशीच होती, आणि सरांची नखं तिच्या कडेकडेने फिरत होती.

नखं थांबली.

खाली कोणीतरी ट्रॉली ढकलत नेली. तिचा खडखडाट पार लांब गेला.

"रकाने भरताना काही..." सरांनी सुरुवात केली.

"मीच भरले सर. हात माझेच होते."

सरांनी कागद पुन्हा उचलला. या वेळी खिडकीशी नेला नाही.

"हे दोन कोरे कोणाचे?"

"एक डासाचा. एक माझा."

"छान आहेत," सर म्हणाले. "पुढच्या वेळेपासून हेच घेत जा."

त्यांनी बाही खाली घेतली, बटण लावलं. ते एकदा निसटलं, पुन्हा लावलं. मग टेबलावरचा फोन उचलला.

"अगं, ऐक. नाही, उशीर नाही होणार. उलट आत्ताच निघतोय. जरा एका डॉक्टरांकडे जायचंय, तूही चल. काही नाही गं, तपासणी. आल्यावर सांगतो." ते थांबले, पलीकडून बरंच काही बोललं जात होतं. "हो, आणि दुकानात निघाली असशील तर जाऊ नकोस. तो साबण राहू दे. नाही, नाही. चांगला आहे बिचारा."