एक ओंजळ ओलं, दोन ओंजळी सुकं

रतनबाईने शिळ्या भाताचं पातेलं सरळ खताच्या ड्रममध्ये उपडं केलं आणि वर माशाचं डोकं टाकलं. ज्योत्स्ना न्हाणीतून बाहेर आली तेव्हा वास ओट्यापर्यंत पोचला होता.

सून सासूच्या शेजारी ड्रमपाशी आली. पदर खोचून तिने काठीने ते डोकं वर काढलं, कुत्र्यापुढे टाकलं आणि शेजारच्या पोत्यातला वाळका पाला ओंजळीने भातावर पसरला. मग इतके दिवस सांगत होती तेच पुन्हा सांगितलं. एक ओंजळ ओलं टाकलं की दोन ओंजळी सुकं. चहाचा चोथा, कांद्याची सालं, फणीतले केस, फाटक्या लुगड्याच्या चिंध्या, सगळं चालतं. मासळी नको, तेलकट नको.

"पुना सांग बरं," रतनबाई म्हणाली. "म्हातारीच्या डोक्यात काय ऱ्हातंय."

खरं तर अख्ख्या परंदवडीला तिच्या डोक्याची धास्ती होती. कोण कुणाच्या बारशाला रिकाम्या हाताने आलं, हे ती त्याच पोराच्या लग्नात चारचौघांत ऐकवायची.

ड्रम ज्योत्स्नाने आणला होता. भुशीकडच्या एका हॉटेलात ती स्वयंपाकघरात कामाला होती, तिथे ती हे खत करायला शिकली. धम्मदीप गेला त्याच वर्षी. रतनबाईचा एकुलता एक, रात्रपाळी करून येताना हायवेवर गेला. ड्रम दारात आला तेव्हा रतनबाई म्हणाली होती, आमच्या उकिरड्याला कधी शाळंत घालावं लागलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मात्र तिने सालं बाजूला काढून ठेवली.

आता ज्योत्स्नाच्या भावाने तळेगावचं स्थळ आणलं होतं. प्रज्ञेश नावाचा, रेल्वेत नोकरी, पहिली बायको वारलेली. माणूस शांत वाटला. भावाने आधी रतनबाईला विचारलं, तेव्हा ती ताठ मानेने म्हणाली की पोरगी काही माझ्या दावणीला बांधलेली नाही, तिचं तिने ठरवावं. ज्योत्स्ना खाली बघून म्हणाली, आईंना एकटीला ड्रमचं जमू दे, मग बघू.

तेव्हापासून रतनबाईला ड्रमचं जमत नव्हतं.

तळाचं खत आज वाफ्यासाठी काढायचं होतं. खालचं मी काढते, तुम्ही हात लावू नका, असं सांगून ज्योत्स्ना नळावर गेली. हात लावू नको म्हटलेल्या गोष्टीला रतनबाईने आजवर हात लावला नाही असं झालं नव्हतं. तिने ड्रमचं खालचं झाकण काढलं आणि खुरप्याने ओढायला लागली. काळं, भुसभुशीत खत पायाशी पडत गेलं. मग खुरपं अडकलं. तिने हात घालून ओढलं तर कापड आलं. झटकलं तर त्याला बाह्या होत्या.

धम्मदीपचा कंपनीचा शर्ट. रंग मातकट झालेला, पण बटणं, कॉलर, खिशावरचं नाव, सगळं जागच्या जागी.

ज्योत्स्ना हंडा घेऊन अंगणात आली आणि तिथेच थांबली.

"माज्या लेकाला उकिरड्यात घातलास?" रतनबाईचा आवाज चढला नव्हता. तो चढला नाही की घरात कुणी समोर थांबत नसे.

ज्योत्स्ना थांबली. हंडा खाली ठेवून म्हणाली, "अस्थी तुम्ही आंब्याच्या बुडाशी घातल्या. नदीला दिल्या नाहीत. आपल्या मातीत राहू दे म्हणालात. हा माझ्याकडे पेटीत राहिला होता. रोज उशाला घेऊन झोपायचे. म्हटलं, हाही मातीत गेला की भावाला हो म्हणेन." तिने पदराने नाक पुसलं. "सारखी उकरून बघते. कुजतच नाही, आई."

रतनबाईने कापड दोन बोटांत धरून चोळलं. वाकळा शिवण्यात तिचा जन्म गेला होता.

"टेरिकॉट हाय ह्ये," ती म्हणाली. "मी जाईन, तू म्हातारी व्हशील, तरी ह्याला काय बी व्हायचं न्हाई."

ज्योत्स्ना उकिडवी बसली आणि रडायला लागली. रतनबाईने तिला रडू दिलं. कुणाच्या पाठीवर हात ठेवणं तिला कधी साधलं नव्हतं. प्यायच्या पाण्याचा हंडा तिने शर्टावर ओतला, माती जाईस्तोवर खळबळला, पिळला आणि दोरीवर टाकला.

"ह्यो माज्यापाशी ऱ्हाईल. तुज्या पेटीत आता जागा लागंल."

"पण आई, ड्रमचं तुम्हाला..."

रतनबाई आत जाऊन चहाचा चोथा आणि सालं घेऊन आली. एक ओंजळ ड्रममध्ये सोडली. मग पोत्यात हात घालून पाला घेतला. एक ओंजळ, वर दुसरी. कडेकडेने पसरला, खालचं ओलं दिसेनासं होईपर्यंत. बोटांनी दाबून बघितलं, थोडं पाणी शिंपडलं आणि झाकण लावलं. कुठेही चुकली नाही.

झाकणावर हात ठेवून ती तशीच उभी राहिली, ज्योत्स्नाकडे पाठ करून.

"भावाला फोन लाव," ती म्हणाली.